चौदा महिने कोड लिहिला, वापरणारी क्लिनिक तीन: पहिल्या स्टार्टअपबद्दल सल्ला हवाय

अर्धविराम (रविवार, रात्री ११:२०)

नमस्कार. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या.

अकरा वर्षं प्रोग्रामर म्हणून नोकरी केली. बॅकएंड, डेटाबेस, पेमेंटची कामं. चौदा महिन्यांपूर्वी राजीनामा दिला आणि स्वतःचं प्रॉडक्ट सुरू केलं: लहान फिजिओथेरपी क्लिनिकसाठी अपॉइंटमेंट, पेशंटच्या नोंदी आणि घरी करायच्या व्यायामांचे तक्ते. कल्पना माझ्याच खांद्याच्या दुखण्यातून आली. दीड महिना उपचार घेत होते आणि व्यायामाचा कागद दर आठवड्याला हरवायचा. वाटलं, हे तर ॲपचं काम आहे.

आजची स्थिती: तीन क्लिनिक वापरतात, त्यातलं एकच नियमित. पैसे कोणीच देत नाही, कारण मी अजून मागितलेले नाहीत. साठवलेल्या पैशांवर आणखी सात महिने निघतील.

पहिले नऊ महिने मी कोणालाही काहीही दाखवलं नाही. त्या काळात केलं काय, तर लॉगिनचे चार प्रकार. परवानग्यांची संपूर्ण व्यवस्था: मालक, डॉक्टर, रिसेप्शनिस्ट, अकाउंटंट, शिकाऊ, प्रत्येकाला वेगळं काय दिसेल ते. आज जे क्लिनिक नियमित वापरतं तिथे एकूण दोन माणसं काम करतात. हजारो क्लिनिक एकदम आली तर डेटाबेस कसा विभागायचा, त्याचा आराखडा केला. मध्येच फ्रंटएंडचं फ्रेमवर्क (स्क्रीनवर दिसणारा भाग ज्या तयार सांगाड्यावर बांधतात तो) बदललं, त्यात सहा आठवडे गेले. आणि रोज रात्री अंथरुणाला पाठ टेकताना वाटायचं की आज भरपूर काम झालं. झालेलं असायचंही.

कोड मला उत्तर देतो. चुकलं तर कुठल्या ओळीत चुकलं तेही सांगतो. माणसांकडून तसं उत्तर येत नाही, हे मला दहाव्या महिन्यात कळलं. अकरा क्लिनिकमध्ये डेमो दिला. अकराही ठिकाणी ऐकलं, "छान आहे", "आम्हाला असंच काहीतरी हवं होतं", "सुरू झालं की नक्की सांगा". मी घरी येऊन वहीत लिहिलं: अकरापैकी अकरा. त्यातल्या आठ जणांनी नंतर एकदाही लॉगिन केलं नाही. फोन केला तर "या आठवड्यात जरा गडबड आहे". एरर येत नाही आणि प्रोग्राम चालतही नाही, असा बग मी कधी पाहिला नव्हता. कुठे शोधायचा तेच कळत नाही.

दुसरा भाग फोनचा. क्लिनिकची यादी तयार आहे. ती उघडते, पहिल्या नंबरावर बोट ठेवते आणि आठवतं की एक्स्पोर्टमधला एक बग राहिलाय. मग दुपार त्यात जाते. हे मी कितीतरी वेळा केलंय. माझी मलाच चीड येते, पण दुसऱ्या दिवशी परत तेच.

तिसरं, कॉलेजचा एक मित्र सोबत होता. पाचव्या महिन्यात घरच्या अडचणीमुळे तो नोकरीत परत गेला. भांडण वगैरे काही नाही. पण तोंडी ठरलेलं अर्धं-अर्धं होतं आणि रिपोर्टचा सगळा भाग त्याने लिहिलेला आहे. याचं पुढे काय करायचं हा विषय आमच्यापैकी कोणीच काढत नाही.

या वाटेवरून गेलेल्यांनी मोकळेपणाने सांगा. गोड बोलायची गरज नाही, ते ऐकून झालंय.


उंबरठा (रविवार, रात्री ११:५५)

एकच प्रश्न. ही क्लिनिक आज हे काम कशावर करतात? वही, एक्सेल, भिंतीवरचा फळा? आणि ते करताना तुम्ही शेजारी बसून पाहिलंय का? डेमोच्या वेळचं नाही विचारत. त्यांच्या रोजच्या कामाच्या वेळचं.


दुसरी_फेरी (सोमवार, सकाळी ७:४०)

अर्धविराम, धागा वाचून पाच वर्षं मागे गेलो. माझं पहिलं प्रॉडक्ट असंच बंद पडलं, सध्या दुसऱ्यावर आहे. सविस्तर लिहितो.

"छान आहे" या उत्तराचा राग धरू नका. समोरचा खोटं बोलत नव्हता. तुम्ही त्याला मत विचारलंत, त्याने मत दिलं. तुमच्या डोळ्यांत चौदा महिने दिसत असताना "नको" कोण म्हणेल? चूक प्रश्नात आहे. "तुम्ही हे वापराल का?" याला उत्तर म्हणून फक्त अंदाज मिळतो. त्याऐवजी मागच्या वेळचं विचारा. "गेल्या आठवड्यात अपॉइंटमेंटचा घोळ झाला होता का? केव्हा? मग काय केलंत? किती वेळ गेला?" माणूस घडलेली गोष्ट सांगतो तेव्हा त्यात सौजन्य मिसळायला फार जागा राहत नाही. आणि त्याला गेल्या महिन्यातला एकही घोळ आठवत नसेल, तर तो त्रास त्याच्यासाठी पैसे मोजण्याइतका मोठा नाही. मी हे शिकलो तोवर माझे पैसे संपले होते.

फोनचं म्हणाल तर आपल्यासारख्या सगळ्यांना ते जड जातं. पण ज्यांची नावं आपण आदराने घेतो त्यांनीही सुरुवातीला हातानेच कामं केलीत. १९९९ मध्ये झॅपोस सुरू करणारे निक स्विनमर्न यांनी आधी गोदाम उभारलं नाही. दुकानात जाऊन बुटांचे फोटो काढले, वेबसाइटवर टाकले, आणि ऑर्डर आली की त्याच दुकानातून पूर्ण किमतीला बूट विकत घेऊन पाठवले. त्यात नफा नव्हता. लोक चपला-बूट पायात न घालता विकत घेतील का, एवढंच त्यांना बघायचं होतं. २००९ मध्ये एअरबीएनबीचे संस्थापक वाय कॉम्बिनेटरमध्ये होते, म्हणजे नव्या स्टार्टअपना पैसे आणि मार्गदर्शन देणाऱ्या संस्थेत. तिथले एक संस्थापक पॉल ग्रॅहॅम यांनी त्यांना विचारलं की तुमची घरं देणारी माणसं आहेत कुठे. बहुतेक न्यूयॉर्कमध्ये होती. मग हे लोक तिथे गेले, घरोघरी जाऊन मालकांना भेटले आणि चांगल्या कॅमेऱ्याने त्यांच्या घरांचे फोटो काढले. ऑनलाइन पेमेंटची सेवा देणाऱ्या स्ट्राइपचे कॉलिसन बंधू तर "लिंक पाठवतो" म्हणायचेच नाहीत. कोणी हो म्हटलं की "द्या लॅपटॉप" म्हणून तिथल्या तिथे जोडून द्यायचे.

तुमच्या त्या आठ क्लिनिकना लिंक पाठवली होतीत ना? की तिथेच बसून त्यांच्या उद्याच्या अपॉइंटमेंट भरून दिल्या होत्या?


अर्धविराम (सोमवार, सकाळी ९:०५)

उंबरठा, डेमोशिवाय कधीच बसले नाही. दुसरी_फेरी, लिंकच पाठवली होती. सोबत अठरा पानांचं मार्गदर्शनही, चित्रांसकट. ते लिहायला चार दिवस लागले होते.


सावधपाऊल (सोमवार, दुपारी १:१५)

मत कडू वाटेल, पण मनापासून लिहितोय. नोकरी सोडायची घाई झाली. आपल्या धंद्यात राजीनाम्याला उगाच शौर्य मानलं जातं. पिएर ओमिडयार यांनी १९९५ च्या सप्टेंबरमध्ये ऑक्शनवेब सुरू केलं, तेच पुढचं ईबे, ऑनलाइन लिलावाची साइट. तेव्हा ते जनरल मॅजिक नावाच्या कंपनीत नोकरीला होते. साइटवर गर्दी वाढली म्हणून इंटरनेट पुरवणाऱ्याने बिल वाढवलं, ते भागवण्यासाठी त्यांनी विकणाऱ्यांकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली, आणि टपालाने चेक यायला लागले. नोकरी सोडली ती त्यानंतर, १९९६ मध्ये. आधी उत्पन्न, मग राजीनामा. सात महिने शिल्लक आहेत म्हणता, तर चार महिने संपल्यावर अर्धवेळ काम शोधायला लागा. सातव्या महिन्यात शोधाल तेव्हा मिळेल ते घ्यावं लागेल.


मूळसंख्या (सोमवार, दुपारी ३:३०)

सावधपाऊल यांच्याशी अर्धाच सहमत. नोकरी करून रात्री प्रॉडक्ट करणं जमतं, मी केलंय. पण क्लिनिक दिवसा उघडी असतात. ज्यांना दिवसाच भेटता येतं अशा लोकांसाठी काही करायचं तर रात्रीचे चार तास उपयोगाचे नाहीत, उलट त्या चार तासांत माणूस फक्त कोडच लिहितो. म्हणजे अर्धविराम यांचा मूळ आजार आणखी बळावला असता.

आता कोडच्या बाजूने थोडं बोलतो, कारण वरचे प्रतिसाद वाचून नऊ महिने पाण्यात गेले असं त्यांना वाटेल. पेशंटच्या नोंदी आहेत या. कोणी काय पाहिलं याची नोंद, बॅकअप, एन्क्रिप्शन, हे "नंतर बघू" म्हणण्यातलं नाही. एका क्लिनिकची माहिती दुसऱ्याला दिसली तर चौथं क्लिनिक येणारच नाही. तेवढा भाग नीट केला असेल तर त्याचा पश्चात्ताप करू नका. बॅकअपवरून एकदा तरी प्रत्यक्ष परत आणून पाहिलंय ना? नसेल तर याच आठवड्यात करा.

फ्रेमवर्क बदलणं मात्र टाळायला हवं होतं. या मोहाने मोठमोठ्यांना खाल्लंय. नेटस्केप ब्राउझरची ४.० आवृत्ती १९९७ मध्ये आली. मग त्यांनी ब्राउझर पायापासून नव्याने लिहायला घेतला. पाचवी आवृत्ती आलीच नाही, थेट ६.० आली ती २००० च्या नोव्हेंबरात. तेवढ्या काळात इंटरनेट एक्सप्लोररने बाजार घेतला होता. नेटस्केप हरण्याची आणखीही कारणं होती, पण वापरणाऱ्यांच्या हाती तीन वर्षं नवी मोठी आवृत्ती न देणं परवडणारं नव्हतं. त्यांच्यामागे तर पैसा होता. आपल्याकडे सात महिने.

यापुढे एक करा. नवं फीचर लिहायला घेताना कोपऱ्यात लिहा की हे कोणी मागितलं. नाव लिहिता आलं नाही तर त्या दिवशी ते लिहू नका.


हिशेबनीस (सोमवार, रात्री ८:१०)

मी प्रोग्रामर नाही. लहान कंपन्यांचे हिशेब बघते, त्यामुळे दोन-तीन ठिकाणी बोलायचा हक्क आहे असं समजते.

आधी मित्राचं. हे सगळ्यांत आधी मिटवा, प्रॉडक्टला अजून किंमत नाही तोवरच. आज तासाभराच्या गप्पांत सुटेल ते पुढे कोणी पैसे गुंतवायला आलं की वकिलांकडे जाईल. दोन गोष्टी वेगळ्या धरा: कोडची मालकी आणि कंपनीतला हिस्सा. त्याने लिहिलेल्या कोडचे हक्क कंपनीच्या नावावर झाल्याचा सही केलेला कागद हवाच. "तो काही म्हणणार नाही" हे मला दर वेळी ऐकायला मिळतं. तो म्हणणारही नाही, पण गुंतवणूकदार कागद मागणार. हिश्श्याचं म्हणाल तर स्टार्टअपमध्ये साधारण रीत अशी की हिस्सा चार वर्षांत हळूहळू कमवायचा आणि पहिल्या वर्षाच्या आत सोडलं तर काही मिळत नाही. तुमचं तसं ठरलेलं नव्हतं, त्यामुळे ही रीत त्याच्यावर मागाहून लादू नका. पाच महिने त्याने दिलेत. त्याला काय योग्य वाटतं ते आधी ऐका, मग छोटासा हिस्सा किंवा एकरकमी मोबदला, जे दोघांना पटेल ते लिहून काढा.

तुम्ही नोकरीत असताना यातला काही कोड लिहिला होतात का? कंपनीच्या लॅपटॉपवर? जुनं करारपत्र काढून वाचा. स्टीव्ह वॉझनियाक एचपीमध्ये नोकरीला होते तेव्हा त्यांनी स्वतःचा कॉम्प्युटर बनवला, आणि तो आधी एचपीला दाखवला, कारण नोकरीत असताना केलेल्या कामावर कंपनीचा हक्क लागतो याची त्यांना जाणीव होती. एचपीने नको म्हटलं. त्यानंतर तो ॲपलचा झाला. पुढे कोणाला त्यावर बोट ठेवता आलं नाही.

आता आकडे. पैसे मागायला घाबरता आहात, पण तुम्हाला खरी भीती सोडून जाणाऱ्यांची हवी. समजा दर महिन्याला शंभरातली पाच क्लिनिक वापरणं सोडतात. पाच म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण दर महिन्याला उरलेल्यांतले पाच टक्के गेले तर वर्षाअखेर शंभरातली ५४ उरतात. म्हणजे जवळपास अर्धी क्लिनिक दर वर्षी नवी आणायची, नुसतं जागेवर राहण्यासाठी. नव्या साइनअपचा आकडा बघू नका. जानेवारीत आलेली जूनमध्ये किती वापरतात, तेवढं बघा. तुमची अकराची तीन झाली आहेत आणि त्यातलं एकच टिकलंय. आधी ते एक का टिकलं ते शोधा.


दुसरी_फेरी (सोमवार, रात्री ८:४५)

हिशेबनीस यांच्या शेवटच्या ओळीला +१.


अर्धविराम (मंगळवार, रात्री १०:३०)

सगळ्यांचे मनापासून आभार. करारपत्र वाचलं. पहिले दोन महिने राजीनाम्यानंतरच्या नोटिशीचे, म्हणजे नोकरीत असतानाचेच आहेत, पण लॅपटॉप माझा होता, कामाचं क्षेत्रही वेगळं. तरी एका वकिलाला दाखवणार आहे. बॅकअप परत आणून पाहिला आणि डेटाबेसमधलं एक टेबल आलंच नाही. मूळसंख्या, तुम्ही विचारलं नसतंत तर मला हे केव्हा कळलं असतं या विचाराने अंगावर काटा आला. दुरुस्त केलं.

नियमित वापरणाऱ्या क्लिनिकला फोन केला. "एक दिवस तुमच्या रिसेप्शनपाशी नुसती बसू का? काही विकणार नाही." तिथून लगेच हो आलं. गुरुवारी जातेय.


अर्धविराम (गुरुवार, रात्री ९:१५)

जाऊन आले. आहे तसं लिहिते.

सकाळी आठ ते दुपारी एक, रिसेप्शनच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसले. लॅपटॉप नेला नव्हता. टेबलावर त्यांचा कॉम्प्युटर, त्यावर माझं सॉफ्टवेअर उघडं. आणि त्याच्यासमोर एक लांबट रजिस्टर. हे रजिस्टर मला डेमोच्या दिवशी दिसलंच नव्हतं, बहुतेक माझ्यासाठी ते आवरून ठेवलं असावं.

पानाच्या डाव्या कडेला अर्ध्या-अर्ध्या तासाच्या वेळा, पट्टीने आखलेल्या. नावं सगळी पेन्सिलने. पेन्सिलीला दोऱ्याने खोडरबर बांधलेलं, हरवू नये म्हणून. फोन वाजला की रिसेप्शनवरच्या बाई रिसीव्हर मानेत धरून खोडतात, फुंकर मारतात, खालच्या ओळीत लिहितात, चार-पाच सेकंदांत काम झालं. पाच तासांत अशी चौदा नावं हलली. माझ्याकडे अपॉइंटमेंट हलवायला सात क्लिक लागतात. मी स्वतः मोजले, तिथेच, मनातल्या मनात. दुपारी सगळं शांत झालं की रजिस्टरमधलं त्या माझ्या सॉफ्टवेअरमध्ये भरतात, कारण महिन्याचा रिपोर्ट त्यातून निघतो. म्हणजे मी त्यांचं काम कमी केलेलं नाही, दुप्पट केलंय. आणि जो रिपोर्ट त्यांना धरून ठेवतोय तो माझ्या मित्राने लिहिलेला आहे.

काही नावांच्या बाजूला छोटं वर्तुळ होतं. विचारलं हे काय. त्या म्हणाल्या, "हे लोक वेळ घेतात आणि येत नाहीत." अशा नावाखाली त्याच वेळेला त्या दुसरं एक नाव बारीक अक्षरात लिहून ठेवतात. पहिला नाही आला तर दुसरा. दोघं आले तर दुसऱ्याला दहा मिनिटं गरम शेक देऊन बसवायचं. काल अशी चार वर्तुळं होती, त्यातले तिघं आले नाहीत.

माझ्या डेटाबेसमध्ये एका वेळेला एकच अपॉइंटमेंट बसते. तशी अट मी अगदी खालच्या पातळीवर घातली आहे. प्रत्येक डेमोत मी ती मुद्दाम दाखवायचे: बघा, दोन पेशंट एका वेळेला कधीच येऊ शकणार नाहीत. अकराही ठिकाणी हे दाखवलं. अकराही ठिकाणी त्यांनी मान डोलावली.

दुपारी डॉक्टरांना विचारलं, पेशंट व्यायामाचे कागद हरवतात त्याचा तुम्हाला किती त्रास होतो? त्या म्हणाल्या, हरवले तर परत देते, गठ्ठा आहे माझ्याकडे. मग दुसरी_फेरी यांनी सांगितलं तसं विचारलं, गेल्या आठवड्यात सर्वांत जास्त मनस्ताप कशाचा झाला? क्षणाचाही वेळ न लावता म्हणाल्या, शनिवारची सकाळ. पाठोपाठ तीन पेशंट आले नाहीत, दीड तास बसून होते, आणि त्याच दिवशी दोघांना जागा नाही म्हणून परत पाठवलं होतं.

व्यायामाचा कागद हा माझा त्रास होता. चौदा महिने मी स्वतःलाच गिऱ्हाईक धरून चालले होते. घरी येऊन बराच वेळ काही सुचलं नाही.


उंबरठा (गुरुवार, रात्री ९:५०)

अर्धविराम, हे वाचून खूप बरं वाटलं. वाईट वाटून घेऊ नका. ते वर्तुळ तुम्हाला कुठल्याही सर्व्हेत सापडलं नसतं, कारण त्यांना स्वतःलाही ती सांगण्यासारखी गोष्ट वाटत नाही.


मूळसंख्या (गुरुवार, रात्री १०:२०)

आता घाईने ती अट काढून वर्तुळाचं बटण बनवू नका, असं सुचवेन. आधी हाताने करून बघा. रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवशीची यादी मागवा, वर्तुळवाल्यांना तुम्हीच आठवणीचा मेसेज पाठवा, नाही म्हणाले तर थांबलेल्यांना तुम्हीच कळवा. दोन आठवडे. किती वेळा रिकामा गेला असता तो अर्धा तास भरला, ते वहीत मांडा. त्यातून काही निघालं तर कोड लिहायला दोन दिवस पुरतील.

स्लॅकची गोष्ट आठवली. टायनी स्पेक ही कंपनी ग्लिच नावाचा ऑनलाइन गेम बनवत होती. २०११ मध्ये गेम आला, २०१२ च्या डिसेंबरमध्ये बंद करावा लागला. पण काम करताना आपसात बोलण्यासाठी त्यांनी स्वतःपुरतं एक साधन बनवलं होतं, त्याशिवाय त्यांचं पान हलत नव्हतं. पुढे तेच स्लॅक या नावाने विकायला काढलं. तुमच्याकडे तो रिपोर्ट आहे, ज्यासाठी त्या बाई रोज दुपारी दुप्पट काम करतात. त्यालाही कमी लेखू नका.


सावधपाऊल (शुक्रवार, सकाळी ८:३०)

माझा आधीचा प्रतिसाद पुन्हा वाचला. क्लिनिक दिवसाच उघडी असतात हा मूळसंख्या यांचा मुद्दा बरोबर आहे, मागे घेतो. पैशांबद्दलचा इशारा मात्र कायम. तो हाताने केलेला प्रयोग फुकट करू नका.


हिशेबनीस (शुक्रवार, सकाळी ९:००)

सहमत. पैसे मागणं हाच प्रयोग आहे. आकडा सांगा आणि गप्प बसा. शांतता लांबली की प्रोग्रामर मंडळी स्वतःच सूट देऊन मोकळी होतात, हे मी कितीदा पाहिलंय. त्या डॉक्टरांचा रिकामा अर्धा तास त्यांना किती नुकसान करतो ते त्यांनाच काढू द्या. आकडा त्याच्या अंगाने ठरवा, तुमचा सर्व्हर किती स्वस्त आहे यावरून नको.


अर्धविराम (साधारण तीन महिन्यांनी, रविवार, रात्री ८:४०)

धागा वर काढतेय, कारण तुम्हाला कळवणं बाकी होतं.

दोन आठवडे हाताने केलं. रोज संध्याकाळी सहाला यादी, मग मेसेज, मग काही फोन. पहिल्या तीन दिवसांत फोनची भीती निम्मी झाली. मला काही विकायचं नव्हतं, फक्त "उद्या येताय ना?" विचारायचं होतं, त्याचा उपयोग झाला असेल. दोन आठवड्यांत सतरा वेळा पेशंटने आदल्या दिवशीच नाही म्हटलं, त्यातल्या अकरा जागा भरल्या. वहीतलं पान डॉक्टरांसमोर ठेवलं. मग आकडा सांगितला.

आणि गप्प बसले. किती वेळ गेला सांगता येणार नाही, पंख्याचा आवाज ऐकू येत होता. दोनदा तोंडावर आलं होतं की पहिले तीन महिने राहू द्या. त्यांनी पान उलटून पाहिलं, परत पहिल्या बाजूला आल्या आणि विचारलं, "पावती मिळेल ना?" पावतीचं फीचर माझ्याकडे नव्हतं. हाताने लिहून दिली.

दुसऱ्या क्लिनिकने नाही म्हटलं. पण कारण सांगितलं: त्यांच्याकडे पेशंट जवळपास सगळे येतात, कारण दहा भेटींचे पैसे आधीच घेतात. हे "नाही" मला त्या अकरा "छान"पेक्षा जास्त कामाला आलं. आता नवीन क्लिनिकला पहिला प्रश्न हाच असतो, पैसे आधी घेता की दर भेटीला. आधी घेत असतील तर आभार मानून निघते. तिसऱ्या क्लिनिकचा फोन अजून लागलेला नाही.

मित्राशी बोलले. त्याला हिस्सा नको होता, "रिपोर्ट कोणीतरी खरंच वापरतंय का" एवढंच त्याने दोनदा विचारलं. तरी हिशेबनीस यांचं ऐकून कागद केला, छोटा हिस्सा त्याच्या नावावर ठेवला, सह्या झाल्या. ते करताना आम्ही दोघंही थोडे हळवे झालो.

परवानग्यांचा सगळा भाग तात्पुरता बंद केलाय. कोणी विचारलं नाही. अपॉइंटमेंट आता ओढून खाली सोडली की हलते, आणि नावापुढे वर्तुळ काढता येतं. रिसेप्शनवरच्या बाईंनी ते पहिल्यांदा काढलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, फक्त रजिस्टर उघडून दोन्हीकडची वर्तुळं जुळतात का ते बोट फिरवून पाहिलं. रजिस्टर अजून टेबलावरच आहे.

पैसे चार महिने पुरतील. सावधपाऊल, आठवड्यातून दोन दिवसांचं एक काम घेतलंय, त्यामुळे हे चाराचे सहा होतील.

उद्या सकाळी आठला एका नव्या क्लिनिकमध्ये बसणार आहे. तिथलं रजिस्टर पेनने लिहिलेलं असतं, पेन्सिलने नाही, आणि एकही खाडाखोड नव्हती. ते कसं काय, हे विचारायचंय.